ढील

किसुमूत, तळ्याकाठच्या हॉटेलात
दुसऱ्या मजल्यावर तीन दिवसांचं प्रशिक्षण.
पाण्याच्या बाटल्या, पेपरमिंटच्या वाट्या,
प्रत्येकाच्या छातीवर त्याचं नाव.
माझ्या नावातलं एक अक्षर गळालेलं.
मी पेनाने ते बसवलं, वाकडं.
अवुओर. मध्यरात्री जन्मलेली.

नैरोबीहून आलेले चेरुइयोत सर
भिंतभर चौकोन काढतात, बाणांनी जोडतात,
आणि सर्वांत लांब वाट लाल करतात.
"हिच्यावर एक दिवस घसरला
की शेवटचा दिवस घसरलाच म्हणून समजा.
बाकीच्या कामांना ढील असते.
कुणाला किती, हे ज्याला ठाऊक
तो व्यवस्थापक."

मी वहीत लिहिलं: ढील.
मामा होडी बांधायचा तेव्हा
दोर हातभर सोडून ठेवायचा,
नाहीतर रात्रीत लाट खुंटा उपटते.
त्याला या ज्ञानाचे गुण कुणी दिले नाहीत.
मला तीन दिवसांचे एकवीस मिळणार आहेत.

दुपारी गटचर्चा.
प्रत्येकाने आपल्या फसलेल्या कामाबद्दल बोलायचं.
फसलेलं काम सांगताना
सगळ्यांचा आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी कामासारखा होतो.
मी आमचा धक्का सांगितला.
मासे उतरवायचा, बावन्न खांबांचा.
तेविसाव्या खांबाला जलपर्णी आली,
एका रात्रीत, हिरवं शेत चालत आल्यासारखी,
आणि खांब ठोकायचा तराफा
एकोणीस दिवस तिच्यात रुतून बसला.
अहवालात मी लिहिलं होतं: अनपेक्षित कारण.

खरं तर ओडेराने सांगितलं होतं.
रात्रपाळीचा रखवालदार, कानटोपीवाला.
गुरुवारी म्हणाला, वारा फिरलाय मॅडम,
तराफा आत घ्या.
मी तेव्हा तक्त्यातल्या एका रकान्याला
कोणता रंग द्यावा या विचारात होते.
हो हो, म्हणाले.
हे मी गटात सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी: कामाशी संबंध असलेली माणसं.
कागदावर चार घरं पाडा.
वर ज्यांच्या हाती सत्ता, खाली बाकीचे.
उजवीकडे ज्यांना आस्था, डावीकडे ज्यांना नाही.
आम्ही देणगीदार लिहिले, काउंटीचे साहेब,
ठेकेदार, होडीमालकांची संघटना.
बारावं नाव मी घातलं: ओडेरा.
"त्याची सत्ता?" सरांनी विचारलं.
शिट्टी आणि बॅटरी.
"आस्था?"
तिथेच झोपतो, म्हणाले.
हसले सगळे. मीही.
मग तो खालच्या डाव्या घरात गेला.
त्या घराचं नाव छापील होतं:
यांच्यावर नुसतं लक्ष ठेवा.

मी बराच वेळ त्या घराकडे बघत राहिले.
पाच वर्षं आमच्यावर लक्ष
तो ठेवून होता.

रात्री खोलीत झोप येईना.
खाली तळं, त्यावर कुणाचे तरी कंदील
आणि माझ्या वहीत रिकामं पान.
गंमत म्हणून मी माझेच चौकोन काढले.
धक्क्याचं उद्घाटन, लाल.
लेखापरीक्षण, लाल.
अपोंदीची शाळेची फी, लाल.
आईचा मोतीबिंदू:
मार्चमधून मेमध्ये, मेमधून ऑगस्टमध्ये,
मग 'पाऊस ओसरल्यावर'.
ती कधी काही म्हणाली नाही,
म्हणून मी धरून चालले
तिला ढील आहे.

ती हल्ली चहा ओतताना
कपाच्या काठाला बोट लावून ठेवते.
चहा बोटाला लागला की थांबते.
ही युक्ती मला फार हुशारीची वाटली होती.

तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र. जाड कागद, सोनेरी कड,
आणि नाव पुन्हा त्या एका अक्षराविना.
सर म्हणाले, ईमेल करा, दुरुस्त करून देऊ,
आठवडा-दोन आठवडे लागतील.
टाळ्या, फोटो, कोंबडी आणि उगाली.
मटाटूच्या थांब्यावर मी दवाखान्याला फोन लावला.
मंगळवार आहे, म्हणाली बाई, सकाळी आठला.
चालेल, मी म्हणाले.
मंगळवारी देणगीदारांची बैठक होती.

मग आईला सांगितलं.
तिकडे जरा वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज.
"मंगळवारीच?" ती म्हणाली,
"एवढी काय घाई आहे?"