अकरा

आमच्या गाडीवर दहा. सांगली.
दिगंबरची नोकरी बारात. पुणं, नऱ्हे, दुसरी पाळी धरून.
मधले अकरा आम्ही कधी मोजलेच नव्हते.
रात्रीच्या एसटीत झोपेतच निघून जायचे ते.
साताऱ्याच्या स्टँडवर एकदा डोळा उघडायचा,
खंबाटकीच्या बोगद्यात कुणाचं तरी मूल रडायचं,
संपलं.

मार्चमधले चार रविवार आम्ही घरं बघितली.
माझ्या पर्समध्ये टेप. कपाट सहा फूट चार इंच,
पलूसच्या सुताराकडून करवून घेतलेलं,
आरसा आत नाही, दारावर.
मी इंच सांगायची, एजंट मिनिटं सांगायचा.
आंबेगाव : वीस मिनिटं, ट्रॅफिक नसेल तर.
सातव्या मजल्यावरच्या गॅलरीतून
समोरच्या गॅलरीतला माणूस दात घासताना दिसला.
तोंड भरलेलं असूनही तो आमच्याकडे बघून मान हलवून गेला,
या, या म्हणाला की नका येऊ, कळलं नाही.
पाण्याचं विचारलं तर एजंट म्हणाला, टँकर आहे ना.
जसं काही टँकर म्हणजे नदीचंच एक नाव.

नसरापूरची खोली स्वस्त होती.
भिंतीला लागून मंगल कार्यालय.
दिगंबर म्हणाला, रोज पंगतीचा वास फुकट.
मी म्हटलं, आणि बँजो?

मला गोडोली आवडली होती, खरं सांगते.
खिडकीत अजिंक्यतारा, नळाला दोन वेळा पाणी,
कोपऱ्यावर कंदी पेढ्यांचं दुकान.
पण एजंटनं घड्याळाकडं बघून नुसतं
‘घाट’ एवढंच म्हटलं,
आणि दिगंबरनं मोबाइल खिशात ठेवला.

शेवटी शिरवळ.
नीरेच्या अलीकडं. पलीकडच्या काठापासून पुणे जिल्हा.
शेवंताबाई भरगुड्यांनी दोन खोल्या दाखवल्या, वरच्या,
जिना बाहेरून, कठड्याला वाळत घातलेली सतरंजी.
डिपॉझिटचं बोलणं नाही, जात नाही विचारली,
लसूण सोलता सोलता म्हणाल्या,
‘ऱ्हायला येताय का निस्तं झोपायला?’

एजंट हसला.
दिगंबरनं बुटाची नाडी बांधली, सुटलेली नसताना.
मी टेप काढला आणि भिंतीला लावला,
उत्तर नसलं की माणूस मोजायला लागतो.
तुळई आडवी येत होती.
सहा फूट. वर इंचही नाही.

तरी घेतलं.
कपाटाचे पाय कापले, चार इंच,
भुसा मी पिशवीत भरून ठेवला, कशाला ते अजून माहीत नाही.
आता भांग पाडताना आरशापुढं जरा वाकावं लागतं.

साडेबाराला दिगंबर गाडी काढतो.
पूल ओलांडला की तो बाराचा,
रात्री एकनंतर परत अकराचा,
आणि नंबरप्लेटवर दहा ते दहाच,
पंपावरचा पोऱ्या रोज विचारतो, सांगलीला कधी निघाला?
मी जिन्यावरची गाडी ओळखते :
आधी फाटकाची कडी, मग उगाच दाबलेला खोकला,
कुणी उठू नये म्हणून.

शेवंताबाईंनी तो प्रश्न पुन्हा केला नाही.
चारच्या सुमाराला खालून नुसती हाक येते,
‘अगं ए पलूस, उतर खाली, शेंगा उकडल्यात.’
माझं नाव त्यांना ठाऊक आहे.
पायरीवर बसून आम्ही टरफलं एकाच घमेल्यात टाकतो,
हायवेचा आवाज येत असतो, नदीचा येत नाही,
कुठल्या कंपनीचा भोंगा कुठला, हे मला आता कळतं.

त्याच्या वाटणीच्या मी वाटीत झाकून ठेवते.
रात्री दीडला तो उभ्यानंच खातो, दिवा न लावता,
म्हणतो, चांगल्या आहेत.

शिरवळमधल्या शेंगा
त्यानं अजून गरम खाल्लेल्या नाहीत.