ब्रश

इस्तंबूलच्या त्या चढावर
पुढे चालणाऱ्या माणसाच्या पेटीतून ब्रश पडला.
मी उचलला.
"अहो दादा," ओरडले, चक्क मराठीत,
आणि तो वळला.
(किती पटकन वळला, ते पुण्यात परतल्यावर आठवलं.)

छातीवर हात, डोळ्यांत पाणी,
पेटी खाली, गुडघा खाली,
माझा पाय त्याच्या पेटीवर कधी गेला कळलंच नाही.
अहो, कापडी आहेत, मी म्हणत होते,
लक्ष्मी रोडचे, पांढरे, या ट्रिपसाठी मुद्दाम घेतलेले,
यांना पॉलिश चढत नाही.
त्यानं चढवलं.
डाव्याला काळं लावून उजव्याकडे वळणार
तोच मुलगी आजारी निघाली, अंकारात, फुप्फुसं,
मग आठ बोटं वर.
आठ म्हणजे आठशे.

चौतीस वर्षं मी कॅशच्या खिडकीत बसले,
सहकारी बँक, सहकारनगर शाखा.
खोटी नोट मला बघावी लागायची नाही,
अंगठ्याला कळायची.
देवस्थळी बाईंच्या बोटांना डोळे आहेत,
मॅनेजर नव्या पोरांना सांगायचे.
तीच बोटं पर्समध्ये गेली
आणि मोजून, दोनदा मोजून,
आठशे लिरा त्याच्या हातावर ठेवून आली.

पुढच्या वळणावर दुसरा माणूस, दुसरी पेटी,
पडलेला दुसरा ब्रश.
एक उंच गोरे आजोबा काठी सांभाळत वाकत होते.
मी त्यांना हाक मारली नाही.

यांना सांगितलं, चारशे.
सलीलला फोनवर, दोनशे.
तळजाईच्या सकाळच्या घोळक्यात म्हटलं,
आमच्या ग्रुपमधल्या एका नाशिकच्या बाईंना फसवलं.
नाशिकच्या ना, तरीच, सगळ्या म्हणाल्या.
पुण्याच्या माणसाला फसवून दाखवा म्हणावं,
म्हसवडे बाई म्हणाल्या.
मीही हसले. चांगली मोठ्यानं हसले.

परवा नळ स्टॉपच्या अलीकडे
एका मुलीच्या स्कूटरवरून डब्याची पिशवी पडली.
निळी, इरकली काठ लावून घरी शिवलेली,
माझ्यापासून चार पावलांवर.
सिग्नल लाल. हाक पोचली असती.
मी आधी मागे पाहिलं, मग पानाच्या टपरीकडे,
हिचा दुसरा माणूस कुठे उभा आहे ते.
पर्स काखेत ओढली.
पिशवीतून आमटी हळूहळू रस्त्यावर आली.
चिंचगुळाची. वास खरा होता.
सिग्नल सुटला.
एका रिक्षावाल्यानं भरगर्दीत रिक्षा थांबवली,
पिशवी उचलली, हॉर्न वाजवत तिच्या मागे गेला.
जाताना माझ्याकडे नुसतं पाहिलं,
काही बोलला असता तर बरं झालं असतं.

बँकेत नियम होता,
कॅश जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.
एकदा सहा रुपयांसाठी रात्रीचे साडेनऊ झाले होते.
कुणाच्या तरी अक्षरातला सात
कुणीतरी एक वाचला होता. सापडला तेव्हा
आम्ही टाळ्या वाजवल्या, वडापाव मागवले.
आता रात्री पडल्या पडल्या मोजत बसते.
दोनशे, चारशे, आठशे.
तूट त्याहून जास्त येते,
कुठल्या पानावर चुकले ते सापडत नाही.

बूट स्टँडवरच आहेत.
लिंबू झालं, खायचा सोडा झाला, टूथपेस्टसुद्धा झाली.
कापडावर पॉलिश चढत नाही म्हणाले होते ना मी,
उतरतही नाही.
हे म्हणतात, टाकून दे, नवे घे.
तेच घालून तळजाईला जाते.

आज म्हसवडे बाई म्हणाल्या,
अगं, डाव्या बुटाला हे काय लागलंय?
मी वाकले,
नाडी सोडली, पुन्हा बांधली, सावकाश,
आणि खालूनच म्हटलं,
आठशे.