अनुपान

हल शहर, हेसल रोड, आमचं औषधांचं दुकान.
नोव्हेंबर आहे. साडेतीनलाच दिवे लावलेत.
विनिफ्रेड स्टार्की बाटली भिंगाखाली धरते
आणि विचारते, यातलं खायचं नेमकं काय?

मी वाचून दाखवते.
थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन.
मग जस्त, तांबं, लोह,
तांबट आळीतून निघालेली यादी वाटावी.
सेलेनियम डोळ्याला न दिसेल इतकं.
उरलेलं सगळं गोळीचं अंग:
सेल्युलोज, म्हणजे लाकडाचा लगदा,
मॅग्नेशियम स्टिअरेट, साच्याला चिकटू नये म्हणून,
आणि वर चकाकी, नव्या नवरीसारखी.

आणि हे डी?
डी मेंढीच्या लोकरीतून, मी सांगते.
लोकर धुतली की मेण सुटतं,
त्या मेणातलं काही काढून त्यावर दिव्याचं ऊन पाडतात.
म्हणजे आमच्या वोल्ड्सच्या टेकड्यांवर
मेंढ्या उभ्या असतात पावसात,
आणि ऊन त्यांना कारखान्यात मिळतं, मेल्यासारखं उशिरा!
ती खो खो हसते. दात स्वतःचे आहेत अजून, चार.

काउंटरवर लॉलीपॉपची बरणी.
लस टोचून रडणाऱ्या पोरांसाठी.
तिची नजर तिथे अडकते.
लॉली म्हणजे जीभ, ती म्हणते, आमच्या जुन्या बोलीत.
पॉपचं कुणालाच नक्की ठाऊक नाही.
अमेरिकेत म्हणे शर्यतीच्या एका घोड्यावरून नाव पडलं.
घोडा काय, जीभ काय,
धावत सुटली की आवरत नाही.

मी तिला सांगते, फार पूर्वी
साखरही आमच्याच लोकांकडे मिळायची,
तराजूत तोलून, काढ्याशेजारच्या डब्यातून.
साखर आणि औषध एकाच फळीवर वाढली,
मग एकीला काडी मिळाली, दुसऱ्याला लेबल.

ती ऐकत नाही. ती त्रेपन्न सालात आहे.
फेब्रुवारी. मिठाईवरचं रेशन उठलं त्या दिवशीची रांग,
दुकानाच्या काचेवर पोरांच्या नाकांचे ठसे.
आठ वर्षांची विनी, मुठीत नाणं,
लाल लॉली, घरी पोचेपर्यंत अर्धी चाटलेली.
अर्धी कागदात गुंडाळली.

घरी नॉर्मन. चार वर्षांचा.
पाय कंसासारखे, गुडघे एकमेकांकडे पाठ करून.
डॉक्टर म्हणाले, कॉडचं तेल, रोज चमचा.
नॉर्मन चमचा पाहिला की ओठ शिवून घ्यायचा,
उघडलेच तर थुंकायचा, भिंतीवर, आईवर, देवाच्या फोटोवर.
त्या दिवशी विनीनं कागद उलगडला,
अर्धी लॉली दिव्यासमोर धरली.
आधी चमचा.
मग लॉली.
मग पुन्हा चमचा, कारण पोरगं फसलंय कळायच्या आत.
कागद चिकटलेला होता साखरेला.
शब्दांसकट चाटला त्यानं, ती सांगते,
कुठल्याशा बोटीची बातमी होती.

आमच्यात याला अनुपान म्हणतात.
कडू घशाखाली उतरवायला जे सोबत देतात ते.
मध, तूप, खडीसाखर.
इंग्रजीत मला शब्द सापडला नाही,
म्हणून मी नुसतीच मान हलवली.
कोण कुणाचं अनुपान होतं त्या दिवशी,
हे मात्र अजून ठरवता येत नाही.

नॉर्मन पुढे सहा फूट झाला. गोदीत कामाला.
उजवा पाय जरा बाहेरच राहिला.
आता विदर्न्सीच्या वृद्धाश्रमात असतो,
समुद्राकडे पाठ करून बसतो,
आणि गोळी दिली की थुंकतो.

चघळायची आहे ना ही?
हो, संत्र्याच्या चवीची.
ती पैसे मोजते. मग बरणीकडे बोट.
लाल.

पडद्यावर नॉर्मनचं नाव उघडं आहे.
त्याच्या रक्तातली साखर मला दिसते,
आकडा, त्यापुढे लाल बाण.
नियम मला पाठ आहेत.
मी बरणीचं झाकण काढते.

अर्धीच द्या, मी म्हणते.

अर्धीच तर, ती म्हणते,
आणि खिशातून कागद काढते.