सात पॉइंट दोन

बोटाला सुई टोचली तेव्हा सोजर हसली.
"ताई, उसाची पात रोज टोचती.
तिच्यातनंबी मिळालं असतं की तुम्हाला रगत."
थेंब फिकट. पाव्हणे वाढले म्हणून
कोकमाच्या सरबतात पाणी वाढवावं, तसा.

यंत्र म्हणालं, सात पॉइंट दोन.
वहीत लिहिलं. खाली लाल रेघ.
महिना आठवा. वय कार्डावर एकोणीस,
तिच्या तोंडून, "दुष्काळ पडला त्याच्या आदल्या साली."

कार्ड पाटोद्याचं, शिरोळच्या कॉम्प्युटरात उघडत नाही.
बँकेचं पुस्तक गावाकडं, सासूच्या ट्रंकेत.
आधार मुकादमाच्या पिशवीत, उचलीच्या कागदाला टाचलेलं.
बाई तेवढी इथं, कुरुंदवाडच्या रस्त्याला, आंबी मळ्यात,
डोक्यावर मोळी घेऊन
फळीवरनं ट्रॉलीत चढणारी.

"मंगळवारी दवाखान्यात ये."
"मंगळवारी तोड हाय."
"बुधवारी?"
"बुधवारी बी."
"एक दिस न्हाई गेलीस तर काय हुतंय?"
मग तिनं मला हिशेब शिकवला.
नवरा-बायको मिळून एक कोयता.
ती बसली की तो अर्धा,
आणि अर्ध्याला मुकादम फडात उभा करत नाही.
खाडा दोघांचा लागतो,
खाडा उचलीवर चढतो,
उचल पुढच्या सालावर.
"मंजी मंगळवारी मी तुमच्याकडं आले,
तर पुढल्या दिवाळीला बी हितंच यायचं."

मी बारावी झालेली. बँकेच्या परीक्षेला दोनदा बसलेली.
मला उत्तर सुचलं नाही.

तांबड्या गोळ्या दिल्या, शंभर.
तिसऱ्या दिवशी कोपीच्या पाचटात खोचलेल्या दिसल्या.
जाऊ म्हणाली, गोळ्यांनी पोर मोठं होतं, मग अडतं.
सोजर म्हणाली, तसं न्हाई.
पोट धरतं, परसाकडला लई वेळ बसाया लागतं,
आन् बसायचं कुठं?
ऊस तुटत जातो, तसा आडोसाबी.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते ट्रेनिंगला सांगितलं नव्हतं.
'स्थलांतरित' असा एक आहे, त्यात खूण केली.
त्या खुणेला पैसे नसतात.
गाडीत पेट्रोल मी म्हशीच्या दुधाच्या बिलातनं घालते,
घरात सांगत नाही.

फेब्रुवारीत, रात्री एकच्या पुढं, लिंबाजीचा फोन.
बोलणं नाही, नुसता श्वास,
मागं बायकांचा गलका.
मी एकशेआठ लावला.
"पत्ता सांगा."
आंबी मळा.
"गट नंबर? जवळची खूण?"
काय खूण सांगू. ऊस, ऊस आणि अंधार.
मी लिंबाजीला ओरडले,
पाचट पेटव! रस्त्याकडंच्या सरीत, मोठा जाळ कर!
आणि गाडीला सांगितलं,
जाळ दिसंल तो पत्ता.

पहिल्या दवाखान्यानं चिठ्ठी दिली, सीपीआरची.
तिथं रक्त मागितलं.
लिंबाजीनं हात पुढं केला, मग मागं घेतला.
"रगत दिल्यावर मोळी उचलंल का, ताई?"
मी त्याच्यावर चिडले. त्याची अजून लाज वाटते.
रक्त दिलं ट्रॅक्टरवाल्या मुजावरनं, हेर्ल्याच्या.
"तसाबी सकाळपातूर काट्यावर लाईनीतच हाय मी," म्हणाला.

पहाटे पोरगी झाली, पावणेदोन किलो.
सोजरनं तिला बघितलं, हे मी बघितलं.
त्यापुढचं मला माहीत नाही.
दहाव्या दिवशी गेले तर मळा मोकळा,
कोप्या उठलेल्या,
टोळी नदीपलीकडं की सीमेपलीकडं, कुणी सांगेना.
फोन लागत नाही.
वहीत पुढच्या तपासणीची चौकट कोरी.

आता खोडवा गुडघ्याएवढा आलाय.
रस्त्याकडंला एक काळा गोल आहे,
तिथं कोंब नाही.
परवा मालक विचारत होते,
"हितं जाळ कुणी केला ओ, आशाताई? बुडखं भाजली की सगळी."
मी म्हटलं,
"पत्ता होता, आण्णा."