सदतीस खुर्च्या

बेलापूरच्या कोर्टात बसायला जागा नाही
आणि माझा दावा खुर्च्यांचाच.
हसू नका. मी आधीच हसून घेतलंय, जिन्यात,
घणसोलीहून आणलेली पिशवी पोटाशी धरून.

पिशवीत चलनवही. अठ्ठावन्नाव्या पानावर
जनार्दन मढवीची सही :
शंभर खुर्च्या, हळदीला.
परत आल्या त्रेसष्ट.
तो म्हणतो, सगळ्या दिल्या. मी म्हणते, मोजून घेतल्यात.
मंडपवालीला दुसरं येतं काय?

वकील नाही केला.
वकिलाची फी खुर्च्यांच्या वर जाते.

साडेअकराचा पुकारा दोन वाजता झाला.
शिपायाने दमयंतीचं दयावंती केलं,
तरी मीच पुढे गेले.
शेजारी मढवी, शर्टाला कडक इस्त्री.
ज्या पोरीच्या हळदीला मी जेवले
ती बाळंतपणाला आलीय म्हणे माहेरी.
मुलगा की मुलगी, विचारावंसं वाटलं.
पण इथे बोलायचं ते साहेबांशी.

साहेब म्हणाले, खुर्च्या तुमच्याच, हे कशावरून?
म्हटलं, प्रत्येकीच्या पालथ्या अंगाला
पांढऱ्या ऑइलपेंटने दा. भो.
आमचे मालक लिहायचे, दाढीच्या जुन्या ब्रशने.
रंग पातळ करायचे फार,
'भो'चा काना ओघळायचाच.
ते गेल्यावर घेतलेल्यांवर मी लिहिते.
अजून दा. भो.च लिहिते.

साहेबांचं पेन हललं. काय लिहिलं कळलं नाही.
पुढची तारीख, बावीस.
एवढ्या वेळात माझी एक रांगही लागत नाही.

फाटकाबाहेर, झाडाखाली, टायपिंगवाला.
त्याच्याखाली निळी खुर्ची,
हातावर विडीचा डाग, एका पायाला सुतळी.
चपलेचा अंगठा नीट करते असं दाखवून
मी वाकले.
काना ओघळलेला.

कुठून घेतली हो?
भंगारवाल्याकडून, साठ रुपयांना. का?

कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र बडवत होता तो,
डोक्यावर उभ्या माणसाला घाई होती.
ऊठ म्हणायला तोंड उघडलं होतं मी.
पण बसल्या माणसाखालून खुर्ची ओढायची नसते,
पंगत उठेस्तोवर थांबायचं,
धंद्यात पहिलं हेच शिकवलं होतं मालकांनी.

थांबले.
त्याने कागद ओढून काढला, विचारलं,
तुमचं काय, मावशी?

एक अर्ज, म्हटलं. दुरुस्तीचा.
सदतीस खोडा.
छत्तीस लिहा.
आणि नीट टेकून बसा. तिचा मागचा पाय कच्चा आहे.