काढता पाय

डुलूथ, जानेवारी, मंगळवार.
लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत तीन खुर्च्या.
भिंतीपलीकडे ड्रायर फिरतोय, कुणाच्या तरी पँटचं बक्कल
दर गिरकीला पत्र्यावर एकदा वाजतं.

आर्विड सांगतो, एक फेरी म्हणजे सहा सेकंद.
त्यात एक चाल, एक कृती,
आणि दुसऱ्याच्या पाळीत अंगावर आलंच काही
तर एक पलटवार. एकच.
अकरा वर्षं तो हे सांगतोय.
सहा सेकंदांना पाऊण तास लागतो,
पण खनिजाच्या बोटींवर जन्म काढलेल्या माणसाला
घाई कधीच नव्हती.

कागदावर घरं आखलेली.
धडधाकट माणूस एका दमात सहा घरं चालतो,
बुटका पाच.
चिखलातून, बर्फातून, मुडद्यांवरून
एका घराची दोन मोजायची.
आडवा पडला असशील तर
नुसतं उभं राहण्यातच निम्मी चाल जाते.
आर्विडच्या कमरेला हे पुस्तकाआधीपासून ठाऊक.

तिरकं गेलं तर काय, यावर मात्र भांडण.
मार्लिस म्हणते, घर ते घर, तिरकं काय नि सरळ काय.
आर्विड म्हणतो, कर्ण लांबच असतो, शाळेत गेली होतीस ना?
मी लिहितो त्या भाषेत कर्ण म्हटलं की
चाक रुततं, चाल शून्य होते,
आणि नियम दोघांपैकी कुणालाच आठवत नाहीत.
त्यांना हे काय माहीत. त्यांनी नाणं उडवलं.
आर्विड जिंकला.

टोबिनचा चोर म्हणजे एक बटण,
तपकिरी, चार भोकांचं, कुठल्याशा कोटाचं.
आज त्याच्या दोन्ही अंगांना पहारेकरी,
माशाच्या तोंडाचे, भालेवाले.
दार तीन घरांवर.

हातघाईतून पाठ फिरवून निघालास
तर ज्याच्या टप्प्यातून निघालास
तो फुकटचा एक वार करतो.
जाणाऱ्यावर वार करायला
पाळीची वाट बघावी लागत नाही.

वाचायची वाट एकच:
अख्खी कृती खर्चून काढता पाय घ्यायचा.
मारणं नाही, मंत्र नाही,
नुसतं नीट निघणं.
पाच वर्षांत टोबिननं ते एकदाही केलेलं नाही.
तो मारतो, मार खातो,
मग मार्लिसची वैद्यीण त्याला शिवत बसते.

आज म्हणाला, "काढता पाय."
आर्विडनं चष्मा कपाळावर नेला.
"नक्की? सुरा आहे तुझ्याकडे."
"नक्की."
बटण सरकलं, दारापाशी थांबलं.
मग कागदाकडेच बघत,
"टूसॉनला चाललोय. शनिवारी.
बहिणीचा नवरा छपरं घालतो, त्याला माणूस हवाय."

ड्रायर बंद पडला.
मार्लिसकडे पलटवार शिल्लक होता,
चांगला धार लावलेला:
नाताळात सांगता आलं असतं,
रोज पहाटे माझ्याच गाडीतून बेकरीला जातोस,
तेव्हा सांगता आलं असतं.
ती फासा बोटांत फिरवत राहिली.
काढता पाय घेतलेल्यावर वार चालत नाही.
पहिल्या मंगळवारी ते पान
तिनंच त्याला वाचून दाखवलं होतं.

बाहेर गुडघाभर बर्फ.
गाडीपर्यंत दहा घरं, म्हणजे वीस.
आर्विड खिडकीशी उभा, ओठ हलत होते.

पुढच्या मंगळवारी बटण तिथंच.
कुणी उचललं नव्हतं.
वैद्यिणीला दार गाठायचं होतं.
मार्लिसनं विचारलं, यावरून जाता येतं?
आर्विडनं पान शोधलं, पाठ असून शोधलं.
"मित्राच्या घरातून जाता येतं. हळू.
थांबता येत नाही तिथं."
तिनं मोजली. एक घर कमी पडत होतं.
पुन्हा मोजली.
"तिरकी जा," आर्विड म्हणाला,
आणि उगाच पेन्सिलीला टोक करू लागला.