किती कपांचं?

काचेचं नको, एवढं आधीच ठरलं.
गेल्या थंडीत फ्रेंच प्रेस ओट्यावरच तडकलं,
कुणी हातसुद्धा लावला नव्हता,
नुसतं उकळतं पाणी आणि गार सकाळ.
डोंगरात तर पाठपिशवी टेकवतानाच गेलं असतं.

भाचा ऋतुपर्ण म्हणतो, मावशी, शंकू घे,
कागदी गाळण्या घे, बगळ्याच्या मानेची किटली,
दशांश ग्रॅम दाखवणारा काटा,
आणि पूड आधी तीस सेकंद फुलू द्यायची.
देण्याघेण्याची यादी वाचावी इतक्या गंभीरपणे सांगतो.
मी ऐकून घेते.
कोथरूडच्या माझ्या ओट्याला एकच प्लग आहे
आणि तो मिक्सरचा.

घरी स्टीलचं फिल्टरच ठेवलं, जुनंच, दोन मजली.
रात्री भरून झोपते.
थेंब थेंब उतरत राहतं अंधारात,
घरात कुणीतरी जागं असल्यासारखं.

रास्ता पेठेत नटेसन बियांचा डबा उघडतात
तेव्हा क्षणभर रस्त्यावरच्या रिक्षाही ऐकू येत नाहीत.
"दळून देऊ?"
"फिल्टरची द्या, चिकोरी वीस टक्के.
बाकीच्या बिया तशाच. हातगिरणी घेतलीय."
त्यांनी माझ्या मनगटावरचा पट्टा पाहिला.
"किती फेरे लागतात?"
"एका माणसाचे एकशे चाळीस."
"मोजलेत?"
मोजलेत.

बोहरी आळीत हुजेफाभाईंकडे
मोका पॉट उतरंडीसारखे रचलेले.
एक कप, तीन कप, सहा कप.
"किती कपांचं देऊ, ताई?"
मागून एकजण रेटतोय,
त्याला कुकरची रिंग हवी आहे, घाईनं.
मी विचारते, सहाच्यात एकाचं होत नाही का?
"नाही होत. भरायचं तर पूर्ण भरायचं.
अर्धं भरलं की जळकट लागतं."
हे मला कुणीतरी दोन हजार नऊ साली
सांगायला हवं होतं.

एक कपाचं हातात घेऊन पाहिलं,
भातुकलीतलं वाटावं एवढं.
"ह्याला चकती लागेल, ऐंशी रुपये,
नाहीतर शेगडीवर उभं नाही राहत."
चकती नको म्हटलं.
तीनचं द्या.
रिंगवाला म्हणाला, झालं का?

फेब्रुवारीत पानशेतच्या पाण्याकडेला तंबू लावला,
दोन माणसांचा. एकाचा मिळतो, पण त्यात कूस बदलता येत नाही.
वारा असा की ज्योत आडवी.
ताट उभं धरलं, पाठ केली वाऱ्याकडे,
आणि चारशे वीस फेरे फिरवले,
मध्ये दोनदा थांबून.

ज्यांच्या शेतात तंबू, त्या ढेबे मावशी
शंभर रुपये घ्यायला काठी टेकत आल्या
आणि बसल्याच.
पॉट घशात खाकरल्यासारखं बोललं.
"शिजलं वाटतं," त्या म्हणाल्या.
त्यांना थर्मासच्या झाकणात, मला वाटीत,
उरलेली स्टीलच्या मगात.
"हे कुणाचं?"
"कुणाचं नाही."
"मंग केलं कशाला?"
मी सांगू लागले, ह्याचं असं आहे मावशी,
भरायचं तर...
त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं.
"कडू जहर. गूळ न्हाई व्हय?"
नव्हता. काटा, गिरणी, चिमटा, सगळं होतं.

गूळ आणते म्हणून उठल्या,
मग उचलला, "सुनंला दावते काय पिताय ते,"
आणि चढ चढून गेल्या.
पाण्यावरचं धुकं गेलं, ऊन तंबूच्या आत आलं.
गूळ आला नाही. मगही.

सूर्य डोक्यावर आल्यावर मी आवरलं,
पॉट पाण्यात नुसता खंगाळला,
साबण लावू नका म्हणाले होते हुजेफाभाई.

मग अजून तिकडेच आहे.
येत्या शनिवारी आणायला जायचंय.
सून धरून तीन, आणि मुलं असली तर
सहाचं घ्यावं लागेल.
मनगटाला विचारून बघते.